धडधडणारी काळी

माझे साडू कारभारी यांनी गाडी घेतली, तर कानिफनाथाच्या पदरात काय पडणार होतं ते आधी मांडतो, म्हणजे पुढचा घोळ नीट कळेल. नगरला फुकट जाणं-येणं, बाजारच्या दिवशी मटणाचं जेवण आणि ‘गाडी कानिफनाथानं पारखली’ असं सगळ्या तिसगावात नाव होणं! यातलं शेवटचं त्याला सगळ्यांत गोड. मटण पचून जातं, कीर्ती वर्षानुवर्षं ढेकर देते.

कानिफनाथ म्हणजे कारभारीचा चुलतभाऊ. आसपासच्या वस्त्यांवर विहिरींवरची जेवढी डिझेल इंजिनं, तेवढी त्याच्या हाताखालची. पण साल बहात्तर! विहिरींचे तळ उघडे पडलेले, इंजिनांवर कोंबड्या बसायला लागलेल्या. वैद्य धडधाकट आणि रोगी सगळे मेलेले, अशी त्याची गत. तशात कारभारीनं बेत काढला, की शेतीत आता राम नाही, जुनी गाडी घ्यावी आणि तिसगाव ते नगर भाडी मारावीत. तरुणपणी त्यानं ट्रक चालवला होता. मात्र बॉनेट उघडलं, की तो देवळात आल्यासारखा हात जोडायचा.

“इंजिनाचं माझ्यावर सोड!” कानिफनाथानं छाती ठोकली. “इंजिन म्या कानानं वळखतो! डोळ्याची गरज न्हाई!”

आता पैसा कुठून आला ते सांगतो. कारभारीची बैलजोडी विकून! पांढरीशुभ्र खिल्लारी जोडी. माझ्या सासऱ्यांनी धाकट्या लेकीला, म्हणजे रतनबाईला, लग्नात दिलेल्या कालवडीची ती वासरं. घरात वैरणीची काडी नव्हती. पाटाच्या पाण्याकडचा एक शेतकरी बरा भाव देऊन घेऊन गेला. बैल गेले त्या दिवशी रतनबाईनं चूल पेटवली नाही. पण कोपरगावला गाडी बघायला निघालो, तेव्हा ती आधी तयार!

“तू कशाला?” कारभारी म्हणाला.

“माझं बैल कशात जात्यात, त्ये बघाय नगं व्हय?”

मी गेलो तो शहाणा माणूस म्हणून. माझं कापडाचं दुकान आहे. नगरहून गठ्ठे फुकट येतील, हा हिशोब माझ्या डोक्यात होता, तो मी कुणाला सांगितला नाही.

कोपरगावचे सहादूशेठ ऊसवाले बागायतदार. त्यांच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. विकायची ती पांढरी, बाजूला एक काळी. रतनबाई त्यांच्या मंडळींबरोबर, विजयमालाबाईंबरोबर, आत चहाला गेली आणि आम्ही पांढरीला घेरलं.

“बॉनेटला हात लावून बघा,” शेठ म्हणाले. “थंडगार आहे. मुद्दाम सकाळपासून चालू केली नाही. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. थंड इंजिन एका झटक्यात सुरू झालं, तर समजायचं तब्येत ठीक.”

“थंड?” कानिफनाथ माझ्या कानात पुटपुटला. “म्हंजी पडूनच असती!”

शेठनं किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली! सुरू झाली हे आम्हाला मात्र शेठनं सांगितल्यावर कळलं. आवाजच नाही! कानिफनाथानं एक काठी इंजिनावर टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग मागं जाऊन धुराच्या नळीत बोट घातलं. बोट कोरडं.

“धूर न्हाई,” तो खिन्नपणे म्हणाला.

“नाहीच! तेल जळत नाही ना तिचं. तेलाची पट्टी काढून बघा, महिना झाला, पातळी तिथंच आहे.”

“ऐकलंस?” कानिफनाथानं कारभारीला बाजूला ओढलं. “म्हैनाभर तेल प्याली न्हाई! ज्या जनावराला भूक न्हाई त्ये काम काय करनार? आजारी हाय ही! आवाज बघ, मरताना मानूस बोलतोय जनू!”

“अन् ती काळी?” कारभारीनं विचारलं.

“तिचं नाव काढू नका!” शेठ ओरडलेच. “तिचं बेअरिंग गेलंय, रिंगा गेल्यात. सुट्या भागांसाठी ठेवलीय मी. राहिलेली भंगारात!”

इथं सगळं बिघडलं! कारभारीची उभी हयात बैलबाजारात गेलेली. बाजाराचा कायदा त्याला पाठ होता: विकणारा ज्या बैलाला नावं ठेवतो, तो त्याला घरच्या दावणीला ठेवायचा असतो. ज्याची तारीफ करतो, तो आतून लंगडा.

“शेठ,” तो डोळे बारीक करून म्हणाला, “चालू तर करा काळी.”

“अहो, कशाला?”

“का? नजर लागंल?”

शेठ वैतागले. त्यांनी हँडल घातलं. चार-सहा हिसक्यांनी काळी खोकली, शिंकली आणि निळ्या धुराचा एक लोट सोडून सुरू झाली. धाड! धाड! धाड! धाड! अंगणातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. कानिफनाथाचा चेहरा कीर्तनात अभंग रंगल्यासारखा झाला.

“हां! हितं जीव हाय! ह्यो आवाज! घरच्या इंजिनाचा आवाज!”

मी कारभारीकडे बघितलं आणि माझं हसू जागीच थांबलं. त्याचे डोळे भरून आले होते. विहिरीवरचं इंजिन बंद पडून वर्ष होत आलेलं. त्या धडधडीवर त्याचा ऊस वाढला होता, घर उभं राहिलं होतं. तो बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.

“हीच घ्यायची,” तो म्हणाला.

“नाही देणार!” शेठ म्हणाले. “पांढरी न्या. पैसे कमी करतो.”

“बघा!” कानिफनाथानं मला कोपर मारलं. “पांढरी खपवाया पैसं कमी करतोय! अन् काळी द्यायलाच तयार न्हाई!”

मग असा सौदा झाला, की तसा मी दुकानात बसून उभ्या जन्मात पाहिला नव्हता. गिऱ्हाईक भाव वाढवतंय आणि मालक हात जोडतोय! भंगाराच्या भावापासून चढत चढत कारभारी पांढरीच्या भावापर्यंत आला.

एवढ्यात रतनबाई आतून आली. तिनं नवऱ्याला गाठलं.

“आवो, काळी नगा घिऊ! त्या बाई सांगत्यात, तिचं सामान काढून पांढरीला बसवत्यात म्हनून!”

“त्यांनीच पढवलीय तुला!”

“चहा पिताना कोन कुनाला पढवतं?”

“बैलाच्या बाजारात असंच पढवत्यात!”

ती माझ्याकडे वळली. “दाजी, तुमी तरी बोला की! त्यो मानूस सोताच न्हाई म्हनतोय!”

आता खरं सांगायचं, तर मलाही शेठचा शब्द खरा वाटत होता. पण कानिफनाथाशी वाद घालायचा म्हणजे दुपार जाणार, आणि मला नगरचं दुकान बंद व्हायच्या आत गठ्ठे उचलायचे होते. मी म्हणालो, “जाणत्या माणसाचं ऐकावं.” जाणता कोण, ते सांगितलं नाही. व्यापारात एवढं चालतं.

शेवटी शेठ थकले. “घ्या! पण ताई, तुम्ही साक्षीदार. मी नाही म्हणालो होतो! माझ्या दारात परत आणू नका!” आणि कीव येऊन त्यांनी तेलाचा एक डबा फुकट दिला.

“धा लिटर तेल फुकट!” कानिफनाथ म्हणाला. “मानूस भोळा हाय!”

आम्ही निघालो. राहुरी येईपर्यंत डबा अर्धा झाला.

“भूक बघ!” कानिफनाथ खूश.

देवळाली प्रवराच्या फाट्यापासूनच लोक बाहेर येऊन बघायला लागले होते. त्यांना वाटलं, पिठाची गिरणी रस्त्यानं चाललीय. नगरला माझे गठ्ठे चढले. आवाज आणखी मोठा झाला. “रंगात आलीया!” कानिफनाथ म्हणाला. रतनबाई मागं गठ्ठ्यांमध्ये बसलेली. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

करंजीचा घाट लागला. काळी निम्मा चढ चढली. धाड धाड धाड... आणि मग एकच असा आवाज, की मी देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी गठ्ठ्यांचं घेतलं! इंजिनाच्या कुशीतून लोखंडाचा दांडा बाहेर आला होता. काळं तेल घाटातून ओघळत खाली चाललं होतं. कारभारी बॉनेट उघडून बघत राहिला. सगळीकडं शांत झालं. त्याच्या मळ्यात होतं, तस्सं.

“चढाला जुपायला नगं हुतं,” कानिफनाथ हळूच म्हणाला.

घाटात दुष्काळी काम चालू होतं. खडी फोडणाऱ्या बायांनी हातोड्या ठेवल्या आणि गाडी ढकलून कडेला लावली. ती आजही तिथंच आहे. ओढून आणायला बैल कुणाकडे उरलेत? बायांची पोरं दुपारी मागच्या सीटवर सावलीला निजतात.

आता जमाखर्च. सहादूशेठना भंगाराला सोन्याचा भाव आला, तोही बळजबरीनं. कानिफनाथाला त्याच कामावर रोड रोलरच्या इंजिनाची देखभाल मिळाली, कारण ‘एवढा इंजिनातला माणूस घाटात बसून कसा?’ असं मुकादमाला वाटलं! माझे गठ्ठे दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या टपावरून आले, हमाली वेगळी.

परवा नगरला जाताना एस.टी. घाटात थांबली. खडीच्या ढिगाशी कारभारी आणि रतनबाई बसलेले. नवा मुकादम हजेरी घेत होता.

“बाई, तुमचं कोण कोण कामाला?”

“मी अन् मालक.”

“अन् ही गाडी कुणाची म्हणायची? कडंला खडी टाकायचीय, हलवायची हाय.”

कारभारीनं मान खाली घातली. मी खिडकीतून मान आत घेतली.

“माझी हाय,” रतनबाईनं हातोडी न थांबवता सांगितलं. “माझ्या बापानं दिल्याली.”