पंखा भाजणारा मिस्त्री

भिकू मिस्त्री गिऱ्हाइकाला पंखा देण्याआधी भाजून घ्यायचा. खोटं वाटत असेल तर मांडवीत कोणालाही विचारा. जांभ्या दगडांच्या चुलाणात नारळाची सोडणं पेटवायची, वर कारखान्यातला धूर ओढणारा लोखंडी पंखा आडवा ठेवून चालू करायचा आणि समोर स्टुलावर बसून चहा प्यायचा. मोटर धगीपासून लांब, पंखा तिच्या पट्ट्यावर फिरणारा. अर्धा तास फिरला तर पास.

"आगीत धूर ओढणाराच पयला मेला, तर त्याला ठेवलाय कशाला? शोभेला?" हे त्याचं पालुपद.

दुकानात त्याच्या बायकोचा फोटो होता. रोज ताजी अबोली, पण उदबत्ती नाही. एकदा मी लावली, तर त्यानं ती चिमटीत विझवली. "तिला धूर नको." मला वाटलं, हाही एक विक्षिप्तपणा!

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीत मी काजूच्या कारखान्यात कारकून होतो. भट्टीच्या शेडमध्ये अठरा बायका. शेटनी मुंबईहून चकचकीत पंखा आणला. मिस्त्री म्हणाला, "ठेवा चुलाणावर." शेटही इरेला पेटले. दहा मिनिटांत पाती अळूच्या पानांसारखी लोंबली आणि मिस्त्रीचा पंखा भिंतीत बसला.

पण मिस्त्रीनं पंख्याची वायर मेन स्विचच्या अलीकडून घेतली. म्हणजे मेन पाडला तरी पंखा चालूच! शेट कडाडले, "आग लागली की आधी मेन पाडायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं!"

"पाडा की! दिवे पाडा, यंत्रं पाडा. पंख्याला हात लावायचा नाय."

"मग चालू लाग."

"जातो. पंखा पण नेतो." आणि खरंच शिडीवर चढून तो बोल्ट सोडू लागला.

मला राग आला. इतका हट्ट? मी म्हटलं, "अहो मिस्त्री, सगळं जग मेन पाडतं!"

तो वरूनच बोलला, हातातला पाना न थांबवता. "मी पण पाडला होता, भाऊ. दुसऱ्या कारखान्यात. लोकांनी शाबासकी दिली. पंखा थांबला, धूर कोंडला. आत ती होती."

शेट पुढे झाले आणि त्यांनी शिडी धरली. "घट्ट कर ते बोल्ट," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी चाचणी झाली. मिस्त्रीनं शेडमध्ये डब्यात ओली सोडणं पेटवली, धूर दाटू दिला आणि स्वतःच्या हातानं मेन पाडला. दिवे गेले. पंखा घरघरत राहिला, धूर त्याच्याकडे सरकत गेला. बायका पदर नाकाला लावून हसत बाहेर येऊ लागल्या. मी टाळ्या वाजवल्या, पण मिस्त्रीचं पंख्याकडे लक्षच नव्हतं. तो दारात उभा राहून एकेकीचं तोंड निरखत होता.

अठरावी बाहेर आली. तरी तो थोडा वेळ आत बघत राहिला. मग मला म्हणाला, "आल्या सगळ्या."