बिनकामाचा रंधा

"ज्याचं काम कळेल तो राहील. बाकीचे उद्या बंबात!" असं बजावून जानकीबाई बहिणीकडे घाटकोपरला गेल्या आणि मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत धांदल उडाली.

पेटीत आबांचे जुने लाकडी रंधे होते. उत्तरा-नंदूचे वडील आबा कचेरीत कारकून. पण जुन्या बाजारात विचित्र आकाराचा रंधा दिसला की तो घरी यायचाच. आबांना जाऊन वर्ष होत आलं, तरी पेटी दारातच होती आणि जानकीबाई रोज तिला ठेचकाळत होत्या.

"नुसतं बघून काय कळणार?" मधुकरमामांनी बाह्या सरसावल्या. "लाकडावर चालवायचा. चर कसा पडतो, त्यावरून जात ठरते."

"कुठल्या लाकडावर?" उत्तरानं विचारलं.

"घरात काय कमी आहे?" नंदूनं स्टूल ओढलंसुद्धा.

स्टुलाच्या कडेला काटकोनी खाच पडली. "तावदान बसवायचा!" नंदू ओरडला. कपाटाच्या फळीत बारीक झिरी उमटली. "झकास! हा झिरीचा!" देव्हाऱ्याच्या चौकटीवर तर सुरेख गोलाई आली. वाचलेला प्रत्येक रंधा उत्तरा पुसून खाटेवर ठेवत होती. खात्री म्हणून मामांनी स्टुलाचा एक पायही तासला. तेव्हापासून ते लंगडू लागलं.

शेवटचा रंधा मात्र अडला. त्याचा तळ लांबीतही फुगीर, रुंदीतही फुगीर.

"रंधा आहे की पापलेट?"

"होडीचा असणार. मनोरीच्या कोळ्यांना जाऊन विचारू."

"मामा, आई सातला येईल!"

त्याला रुंद, सपाट फळी हवी होती. घरात तशी एकच उरली होती, भिंतीला टेकवलेला आबांचा पाट. जेवताना आबा त्यावर सारखे चुळबुळायचे. त्यांच्यामागे कुणी तो मांडला नव्हता.

"ताई, आई मारेल गं."

"मार खाऊ," उत्तरा म्हणाली आणि तिनं पाट आडवा केला. "रंधा जळला तर परत मिळायचा नाही."

सालपटं उडाली. मधोमध खळगा पडला.

"परात?" मामा म्हणाले.

"लाकडाची?"

तेवढ्यात जानकीबाई दारात. त्यांनी स्टूल पाहिलं, कपाट पाहिलं, देव्हारा पाहिला. "दुपारभरात वाळवी लागली काय रे घराला?" मग पाट दिसला. मामा खांद्यावरच्या पंच्याची घडी घालू लागले.

"याचं काम नाही कळलं, आई," उत्तरा हळूच म्हणाली.

स्टेशनवरून चालत आलेल्या जानकीबाई दमल्या होत्या. त्या त्याच पाटावर बसल्या. जराशा सरकल्या, आणि मग सरकल्याच नाहीत.

"मेल्यांनो, बसायच्या जागेचा रंधा आहे हा," त्या म्हणाल्या. "पाट बोचतो म्हणायचे. खोलगट करून घेतो म्हणाले होते. मला वाटलं, नेहमीचंच बोलणं."

उत्तरानं तो रंधा पुसून खाटेवर ठेवला.

"माझाही पाट घ्या करायला," पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या. "आणि उद्या बंबात ते स्टूल घाला. त्याचं काम आता मला कळत नाही."