परबकाकांची तपासणी

परबकाकांच्या घरात एकाही बाटलीला झाकण नाही. पाण्याची असो, सरबताची असो, की काकूंच्या केसांच्या तेलाची. बाटली घरात आली की काका आधी झाकण काढून घेतात. तेलात मुंगी पडली तरी नियम मोडत नाही.

"झाकण लावलेली भरली बाटली लांब जाते," ते मला समजावतात. "उघडी फेकली तर फेकणाराच भिजतो."

काका एका मोठ्या स्टेडियमवर सुरक्षा व्यवस्थापक आहेत. घाटकोपरला आम्ही एकाच मजल्यावर राहतो. त्यांच्याबद्दल मी लिहावं की नाही, कळत नव्हतं. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिण्या-बोलण्याचं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात.

इतकी वर्षं स्टेडियमवर काढून काकांनी एकही सामना पाहिलेला नाही. ते मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांवर लक्ष ठेवतात. घरी मॅच लावली तरी टीव्हीकडे पाठ करून आम्हालाच बघत बसतात.

"काका, सिक्स गेला."

"कळलं. तू उठलीस ना."

सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी दोऱ्या बांधून एकेरी रांग लावली. प्रसाद घेतला की सरळ बाहेर. चौथ्या मजल्यावरच्या आजींचा चष्मा आत राहिला, तरी त्यांना मागे फिरू दिलं नाही.

"उलटं फिरलात की चेंगराचेंगरी होते, आजी."

रांगेत तेव्हा आजी एकट्याच होत्या.

म्हणून काकांच्या मुलीनं, मानसीनं, लग्नासाठी निखिलचं नाव काढलं, तेव्हा अख्ख्या मजल्याला काळजी लागली. बाबांच्या होकाराशिवाय ती लग्न करणार नव्हती.

"तू बस ना यार माझ्या बाजूला," ती मला म्हणाली. "बाबा नाही म्हणाले तर बोल काहीतरी."

मी काय बोलणार होते देव जाणे. पण बसले.

निखिल मुलुंडहून पेढे घेऊन आला. काका दारातच म्हणाले, "हात वर." त्याला गंमत वाटली, तो हसला. काका हसले नाहीत. त्यांनी त्याचे खिसे चाचपले, मग पेढ्यांचा खालचा थरसुद्धा उचकटून पाहिला.

"अहो, जावय इलो हा की चोर?" काकू आतून म्हणाल्या.

"जावई अजून ठरायचा आहे."

पगार, घर, काहीच विचारलं नाही. समोर बसवून एकच प्रश्न. "समज, गर्दी उसळली. ही तुझ्यासोबत आहे. काय करशील?"

"हिचा हात धरीन."

"सुटेल."

"घट्ट धरीन, काका."

"घामानं सुटतो. घट्ट धरलेले हातही सुटलेले बघितलेत मी. बाप गेटबाहेर, पोर आत." काका उठून उभे राहिले. "हात नाही, मनगट धरायचं. मानसी, इकडे ये."

त्यांनी तिचं मनगट धरलं.

"हे असं. दुखता कामा नये, आणि सुटता कामा नये. दिसलं?"

"दिसलं."

"मग धर आता."

निखिलनं हात पुढे केला. काका सोडेनात. त्याचा हात तसाच हवेत राहिला. काकू चहा घेऊन दारात थबकल्या.

"बाबा," मानसी हळूच म्हणाली, "त्याला धरू दे ना."

"देतो गं," काका म्हणाले. "आधी त्याला नीट बघू दे."