दोन बाटल्यांना पाच रविवार

आमच्या घरच्या चहाला खानझोडे सरांनी अकरा वर्षांत साडेसहाच्या वर गुण दिलेले नाहीत.

प्रताप नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सर दुसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही पहिल्या. आठवड्यातून एकदा ते खाली येतात, खुर्चीच्या टोकावर बसतात, एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "साडेसहा." एकदा माझ्या बायकोनं, वंदनानं, इरेला पेटून वेलची, केशर, जायफळ असं सगळं घालून चहा केला. सरांनी घोट घेतला, डोळे जरा जास्त वेळ मिटले आणि म्हणाले, "सहा. याच्यात चहा कुठी हाय?"

धरमपेठेतल्या एका कॉलेजात त्यांनी चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. नोकरी संपली, पेपर तपासायची सवय राहिली. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला आलेल्या मिस्त्रीला ते जाताना गुण सांगतात. गणपतीच्या आरतीला सांगतात. समोरच्या बिल्डिंगमधल्या नव्या जावयाला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "सात. पण वाव आहे." तो जावई अजून गेटजवळ सर दिसले की मोबाइल कानाला लावतो.

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे "नमुना अपुरा आहे". मी म्हटलं, यंदा आंबे आंबटच निघाले, की ते विचारणार, "किती खाल्ले?" तीन म्हटलं की, "नमुना अपुरा आहे, काळबांडे. निष्कर्ष काढू नका." डॉक्टरांनी ब्लडप्रेशर वाढलंय म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनाही सर हेच म्हणाले होते. डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे गप्प बसले.

घरात सर एकटे. सुलभाताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, सहा वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेल्या त्या तीन महिन्यांच्या बोलीवर. नातू रांगायला लागला, चालायला लागला, मग दुसरा नातू झाला. कोणी विचारलं की सर सांगतात, "पुढच्या महिन्यात येऊन राहिली." पुढचा महिना म्हणजे कोणता, हे आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं.

अशा या माणसाकडे मी आपण होऊन गेलो, त्याला कारण माझ्या मुलीचं लग्न.

सायली मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. तिथंच तिचं जमलं. मुलगा नाशिकचा, त्यांची द्राक्षाची बाग. मंडळी अगदी साधी. देण्याघेण्याचा विषयसुद्धा त्यांनी निघू दिला नाही. फक्त निघताना व्याही जरा संकोचानं म्हणाले, "रिसेप्शनला थोडी बिअर आणि वाईन ठेवली तर आमच्याकडची मंडळी खूश होतील. भारीतली नको, साधीच." मी ऐटीत हो म्हणालो आणि ते गेल्यावर सोफ्यावर बसलो. वीज कंपनीत लेखनिक म्हणून जन्म गेलेल्या माझा बिअरशी संबंध आयुष्यात तीनदा आलेला. वाईनशी एकदाही नाही. त्यात नाशिकची माणसं. त्यांच्या दारात द्राक्षं आणि मी त्यांना स्वस्तातली वाईन पाजणार, तीही मे महिन्यातल्या नागपुरात.

"सरांना विचारा न," वंदना म्हणाली. "बाटलीत काय असते ते त्यांनाच समजते."

सरांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुकानदाराला विचारून घेऊ का, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे, प्रयोग न करता उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "विकणाऱ्याले विचारून कोणी विकत घेते का? रविवारी तीन वाजता या. दोघंही या. आणि भोयरले आणा. या बिल्डिंगमध्ये अनुभवी माणूस तोच हाय."

भोयर तळमजल्यावरचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांना बोलावणं गेलं आणि रविवारी ते अर्धा तास आधीच, धुतलेला शर्ट घालून वर हजर झाले.

आम्ही गेलो तर हॉलच्या मधोमध टेबल, त्यावर पांढरी चादर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा छोट्या बाटल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. अ, ब, क बिअर. च, छ, ज वाईन. सगळ्या आमच्या ऐपतीतल्या, एवढं त्यांनी आधी सांगून टाकलं. नाव आणि किंमत मात्र कोणाला दिसायला नको, कारण महाग म्हटलं की जिभेला आपोआप चांगलं लागतं म्हणे. समोर चौकटी आखलेले चार कागद आणि मधोमध एका परातीत कोरडे मुरमुरे.

भोयर परातीकडे पाहत राहिले. "सर, चिवडा तरी करायचा. मी काय बिमार हावो का?"

"तिखट खाल्लं का जीभ मरते. मुरमुरे खा, पाणी प्या, मग पुढचा नमुना."

सर स्वतः एक घोट तोंडात घोळवत आणि बेसिनमध्ये जाऊन थुंकून येत. भोयरांना ते पाहवेना. "काहून फेकून राहिले सर? आमाले द्या न."

"प्रयोगशाळेतला माणूस गिळत नाही," सर म्हणाले आणि चूळ भरली.

वंदनानं 'च'पुढे लिहिलं, खोकल्याचं औषध. 'छ'पुढे लिहिलं, खोकल्याचं औषध, पण चांगल्या कंपनीचं. 'ज' घेतल्यावर ती जरा थांबली, पुन्हा एक घोट घेतला आणि काहीच न लिहिता पेला संपवला. सरांनी ते बरोबर टिपून घेतलं. बिअरमध्ये भोयरांचं म्हणणं होतं की तिन्ही चांगल्या आहेत. सर म्हणाले, गुण द्यावे लागतील. भोयरांनी तिन्हींना दहापैकी दहा दिले आणि कागद उलटा करून ठेवला.

दुसऱ्या रविवारी सरांनी बाटल्यांची जागा आणि अक्षरं बदलली. थर्मामीटर आणलं. कूलरसमोर आणि गॅलरीत एकेक पेला ठेवून तो किती मिनिटांत कोमट होतो ते मोजलं. त्यातून निघालेली गोष्ट मात्र खरोखर कामाची होती. लॉनवर मोठी बाटली ठेवायचीच नाही. अर्धी होईतो ती तापते आणि उरलेली वाया जाते. लहान बाटल्या घ्यायच्या, बर्फाच्या टबात बुडवून ठेवायच्या. लाल वाईन मे महिन्यात कोणी हातात धरणार नाही, पांढरी घ्यायची. आणि गंमत अशी, की अक्षरं बदलूनही वंदनानं पुन्हा त्याच बाटलीचा पेला संपवला.

मला वाटलं, झालं. सर म्हणाले, "नमुना अपुरा आहे. पुढच्या रविवारी जेवणासोबत पाहू."

तिसऱ्या रविवारी सरांनी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता. स्वतः. रस्सा इतका झणझणीत की भोयरांच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून फक्त "मस्त हाय गा" एवढंच निघत होतं. वाईन कोणती चांगली लागली हे कोणालाच सांगता येईना, पण जेवायला बसलो ते सहापर्यंत. भोयरांनी घाटात ब्रेक फेल झालेल्या गाडीची गोष्ट सांगितली. सरांनी प्रयोगशाळेत स्वतःच्याच मिशा जाळून घेतल्याची सांगितली. वंदना इतकी हसलेली मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. सायलीच्या लग्नाच्या धास्तीनं ती हल्ली भिंतींकडे पाहत बसायची.

चौथ्या रविवारी उशांना नवे अभ्रे होते आणि एक नवी प्लास्टिकची खुर्ची. आधी तीनच होत्या, म्हणून सर उभ्याउभ्यानंच टिपणं घेत. बाटल्या टेबलावर होत्या, पण त्या उघडायची आठवण पाच वाजता झाली.

जिना उतरताना वंदना म्हणाली, "अहो, सरांना वाईन ठरवायचीच नाही."

"म्हणजे?"

"काही नाही. चला."

मला कळलं नाही. माझ्या डोक्यात पत्रिका, कॅटरर आणि रिसेप्शनसाठी काढावा लागणारा एक दिवसाचा परवाना एवढंच फिरत होतं. दुकानदार रोज फोन करून माल सांगा म्हणत होता. पाचव्या रविवारी सर म्हणाले, "आता बर्फाचे दोन प्रकार तपासून पाहू," आणि माझा तोल गेला.

"सर, दोन बाटल्या निवडायला पाच रविवार? माझ्या पोरीचं लग्न आहे, तुमचं प्रॅक्टिकल नाही."

भोयर मुरमुरे चिवडायला लागले. सर आत गेले, एक वही घेऊन आले, त्यातला दुमडलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यांच्या त्या शिस्तीतल्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. कोणती बिअर, कोणती वाईन, किती पाहुण्यांमागे किती बाटल्या, टब किती, बर्फ किती, बर्फात मीठ केव्हा टाकायचं. खाली सही आणि तारीख. तारीख दुसऱ्या रविवारची होती.

सरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. एकेक बाटली उचलून ते तिचं वर्तमानपत्र सोडवत होते, घडी घालत होते.

"हे तेव्हाच झालं होतं," ते म्हणाले. "मले वाटलं, तुम्हाले घाई नसेल."

खाली आल्यावर वंदनानं बंगळुरूला फोन लावला, सुलभाताईंना लग्नाचं बोलावणं करायला. तो बराच वेळ चालला. ठेवल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"त्या येत नाहीत. लग्नालाच नाही, आता येतच नाहीत. धाकटा नातू त्यांच्याशिवाय झोपत नाही म्हणतात. सरांना त्यांनी दिवाळीतच सांगितलं. भांडण काही नाही. सरांना तिथं करमत नाही, ताईंना इकडे येता येत नाही." मग म्हणाली, "ताईंना आपलं सगळं ठाऊक आहे. घाटातली गाडी, पाटोडी, सगळं. दर रविवारी संध्याकाळी सर फोन करून सांगत होते. आज त्यांचा फोन आला नाही, म्हणून मला विचारत होत्या, या रविवारी काय केलं?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, छान झालं."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे माफी मागायला गेलो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. परवान्याला कोणते कागद लागतात तेच सांगत राहिले.

रिसेप्शन छान झालं. सर दुपारीच लॉनवर पोहोचले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात थर्मामीटर. संध्याकाळभर ते टबांजवळ उभे होते. पाहुणे हात पुढे करत, सर बाटली पुसून देत, आणि हळूहळू प्यायला सांगत. व्याही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळबांडे, वाईनचं आम्हाला फार कौतुक नाही, दारातच आहे. पण या उकाड्यात इतकी नेमकी गार कुणी ठेवली?" मी त्यांना सरांकडे नेलं. व्याह्यांनी त्यांचा हात हातात घेतला. सर काहीतरी गुण देतील म्हणून मी वाट पाहिली, पण ते नुसतेच मान हलवत राहिले. जेवणाच्या वेळी पाहिलं तर ते निघून गेले होते.

सायली सासरी गेली. नंतर पंधरा दिवस आवराआवरीत गेले. परत करायची भांडी, टांगून ठेवलेले हार, नातेवाइकांचे फोन. तेही संपलं. मग एक रविवार आला ज्यात काहीच नव्हतं. जेवणं बारालाच झाली. वंदना सायलीच्या खोलीत जाऊन आली आणि दार लोटून बाहेर बसली. मी वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचलं. घर एवढं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. पावणेतीनला पाहतो तर वंदनानं साडी बदललेली, आणि मी शर्ट घातलेला. कोणी कोणाला काही म्हटलं नव्हतं.

सरांनी दार उघडलं. अंगात बनियान, हातात चष्मा. खुर्च्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या आणि टेबल भिंतीला लागलेलं.

"काय राहिलं?" त्यांनी विचारलं. "परवान्याचं काही निघालं का?"

"काही नाही राहिलं, सर. घरी करमत नव्हतं."

त्यांना ते लगेच समजलं नाही. ते दारातच उभे राहिले, एकदा माझ्याकडे, एकदा वंदनाकडे पाहत. मग लगबगीनं वळले, शर्ट चढवला, त्याची बटणं खालीवर लागली. खुर्च्या काढल्या. पुसल्या. पंखा वाढवला, मग कमी केला. वंदनाच शेवटी म्हणाली, "बसा न सर तुम्ही."

ते बसले. बसले तेवढ्यात उठले. "एक मिनिट हं," म्हणाले आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. दार अर्धवट उघडं होतं.

"सुलभा, ऐक न. काळबांडे आले. दोघंही." पलीकडून काही विचारलं असावं. "नाही नाही, काम नाही काही." पलीकडून पुन्हा काही विचारलं गेलं. "नाही गं, लग्न तर झालं. असेच आले."

मग आवाज थोडा खाली आला, पण आम्हाला ऐकू येत होतं.

"हो. असेच."