मन्मथअप्पांच्या चिठ्ठ्या

जून महिन्यात शाळेच्या गणवेशाची मापं घेताना मन्मथअप्पा पोराच्या छातीभोवती टेप लावतात, आकडा वहीत लिहितात आणि टेप तसाच धरून विचारतात, "स्वप्नात पडतूस का उडतूस?"

पोरं गोंधळतात. काही पडतो म्हणतात, काही उडतो. तिसरीतल्या एकानं बराच विचार करून सांगितलं की तो स्वप्नात जेवतो. अप्पांनी ते उत्तर मान खाली घालून लिहून घेतलं. पुढचे चार दिवस ते भेटेल त्याला सांगत होते की चाळीस वर्षं मापं घेतली, पण असं पोरगं पहिल्यांदाच हाताला लागलं.

माप झालं की अप्पा चिठ्ठी लिहितात. वरचा अर्धा भाग कापून स्वतःकडं ठेवतात, तो कपड्याचा. खालचा अर्धा शाळेत माझ्याकडं येतो, तो पुस्तकाचा. पण घाईत अप्पा चिठ्ठी फाडायला विसरतात, आणि मग मला अख्खी मिळते. "छाती चोवीस, लांबी वीस. भूत चालंल, पर शेवटी ते भूत नसावं." "छाती सव्वीस, कंबर ढिली. आईला सोडून ऱ्हात न्हाय. लांबच्या प्रवासाचं नगं, बांधापत्तुर चालंल." आणि त्या तिसरीतल्याची: "छाती बावीस. खाण्याचं पुस्तक बघावं. न्हाय घावलं तर लग्नाचं द्यावं, त्यात पंगत आसतीच."

मी शाळेत शिक्षिका आहे. माहेर ईट गावचं, नोकरी बेंबळीच्या पुढच्या एका लहान गावात. शाळेच्या फाटकासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं अप्पांचं दुकान. एक पायमशीन, एक कापायचं टेबल, गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. कोपऱ्यात त्यांच्या पत्नी गंगाबाई काज-बटणं करत बसलेल्या. दुकान चालतं ते गंगाबाईंच्या जिवावर, हे गावात कुणीही सांगेल.

मी बदलून आले तेव्हा मुख्याध्यापकांनी ग्रंथालयाचा कारभार माझ्याकडं दिला. ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट आणि त्याला लावलेलं कुलूप. पुस्तकं आली की नोंद व्हायची, शिक्का बसायचा आणि कपाट बंद. पुस्तक हरवलं तर जबाबदारी कुणाची, या भीतीनं ते वर्षानुवर्षं उघडलंच नव्हतं. मी रुजू होऊन दोन दिवस झाले नव्हते तेवढ्यात अप्पा दारात उभे राहिले. पांढरी टोपी, कानावर खडू, गळ्यात टेप. "शरणार्थ बाई," असा हात जोडून नमस्कार केला, आणि म्हणाले की आधीच्या तीन गुरुजींना विचारून झालंय, आता तुम्हाला विचारतो, त्या कपाटात काय हाय ते एकदा बघू द्या.

मला वाटलं एखादं पुस्तक हवं असेल. त्यांना कपाट हवं होतं. त्या उन्हाळ्याच्या सुटीत ते रोज सकाळी स्वतःचं स्टूल घेऊन व्हरांड्यात यायचे आणि वरच्या कप्प्यापासून वाचत सुटायचे. पहिलीच्या चित्रांच्या पुस्तकापासून सातवीच्या विज्ञानकथेपर्यंत, क्रमानं. पहिलीचं संपल्याशिवाय दुसरीच्या पुस्तकाला हात नाही. मी एकदा चौथीचं एक छान पुस्तक पुढं केलं तर ते मागं सरले. "आमी आजून तिसरीत हाव," म्हणाले.

त्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. वडिलांनी मशीनवर बसवलं, तेव्हा पाय पेडलला पुरत नव्हते. हे त्यांनीच सांगितलं, तेही हसत, जणू दुसऱ्या कुणाची गंमत सांगताहेत.

पुस्तकांवर लावलेल्या चिकटपट्ट्यांशी त्यांचं उभं वैर. "वयोगट आठ ते दहा" अशी पट्टी दिसली की अंगठ्याच्या नखानं खरवडायला घ्यायचे. मी हटकलं तर म्हणाले, "चौथीत काय सगळ्यांची छाती एकाच मापाची हाय का?" मग त्यांनी मला कापडाचा धडा दिला. मुलांचे कपडे शिवताना शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची. पुस्तकाचंही तसंच, म्हणाले. अगदी अंगाबरोबर दिलं तर महिन्यात आखूड होतं. लई ढगळ दिलं तर पोर त्यात अडखळून पडतं. "दोन बोटं माया ठिवून द्यायचं बाई."

हे सगळं ऐकायला गोड, पण अप्पांच्या वाचनाची किंमत गिऱ्हाइकं मोजत होती. ते मशीनवर पुस्तक उघडं ठेवून शिवायचे. ससा विहिरीत पडला त्या दिवशी सरपंचांच्या सदऱ्याचा खिसा पाठीवर लागला. माझ्या स्वतःच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या बसल्या, आणि कारण विचारलं तर अप्पांनी मला इतक्या तळमळीनं सांगितलं की ती पोरगी चुकीच्या एस.टी.त बसली होती आणि कंडक्टर काही केल्या थांबत नव्हता, की बाह्यांचं भांडण बाजूलाच राहिलं. मी विचारलं, "मग, पोचली का घरी?" मागून गंगाबाई शांतपणे म्हणाल्या की पोचली, बाई, पोचली, द्या तो ब्लाऊज इकडं.

गावातले एक बडे शेतकरी एकदा माझ्यापुढंच दुकानात आले. त्यांचा मुलगा तिसरीत. त्यांना असं पुस्तक हवं होतं जे वाचून मुलगा पुढं कलेक्टर होईल. अप्पांनी मुलगा स्वप्नात पडतो की उडतो ते विचारलं. शेतकऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. अप्पांनी चंद्रावर जाणाऱ्या शेळीचं पुस्तक काढून दिलं. याचा उपयोग काय, असं शेतकऱ्यांनी विचारलं, आणि अप्पा म्हणाले की उपयोगाची पुस्तकं शाळा देतीच की. शेतकरी रागानं बाकड्यावर बसले, कारण त्यांची पँट अजून व्हायची होती. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी शेळी उघडली. पँट झाली. गंगाबाईंनी घडी घालून पुढं ठेवली. शेतकऱ्यांनी हातानंच थांबायची खूण केली. शेळी चंद्रावर उतरली तेव्हाच ते उठले, आणि जाताना दबक्या आवाजात विचारून गेले की हिचा दुसरा भाग निघालाय का.

असं सगळं झकास चाललं होतं आणि मग रेश्मा आली.

रेश्मा सातवीत, माझ्याच वर्गात. वडील ट्रॅक्टर चालवतात. अप्पांनी माप घेतलं, चिठ्ठी दिली, मी पुस्तक दिलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत. वाचलंस का? वाचलं. शेवटी काय झालं? "शेवटी संपलं," म्हणाली.

अप्पांनी हे मनावर घेतलं. मग त्यांनी हेरगिरीचं दिलं, परत आलं. समुद्राचं दिलं, परत आलं. विनोदी दिलं, कवितांचं दिलं, भुताचं दिलं आणि तेही खऱ्या भुताचं, जे अप्पा सहसा कुणाला देत नाहीत. एकेका दिवसात सगळी परत. आवडलं न्हाय, एवढंच ती बोलायची. अप्पांचं जेवण कमी झालं. गंगाबाई मला म्हणाल्या, कसलं तरी एक पुस्तक त्या पोरीला आवडू द्या हो, हे घरात भिंतीशी बोलायला लागलेत. एका दुपारी अप्पा शाळेत येऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले की आपलं माप चुकतंय. इतकं पडलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

नववं पुस्तक परत करायला रेश्मा दुकानात गेली तेव्हा अप्पांच्या हातशिलाईचा दोरा तुटला होता. त्यांची स्वतःची नजर आता कमी, आणि गंगाबाई पाण्याला गेलेल्या. "जरा दोरा वव की आव्वा," त्यांनी सुई पुढं केली. मुलींना ते आव्वाच म्हणतात. रेश्मानं दोरा धरला, डोळे बारीक केले, सुई नाकाशी नेली. दोरा सुईच्या शेजारून गेला. परत शेजारून. पाच-सहा वेळा तसंच झालं, आणि मग तिनं सुई टेबलावर ठेवून खाली बघितलं.

अप्पांनी ड्रॉवरमधून पहिलीचं मोठ्या अक्षरांचं पुस्तक काढलं, हातभर अंतरावर धरलं आणि वाच म्हणाले. तिनं चित्र ओळखलं. अक्षरं नाही.

रस्ता ओलांडून ते धावतच माझ्या वर्गात आले. दुकान उघडं, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. "बाई, पोरीला दिसत न्हाय," म्हणाले.

मी तिची वर्गशिक्षिका होते. दोन महिने ती फळ्यावरचं शेजारणीला विचारून उतरवत होती आणि मी तिच्या अक्षराला गुण देत होते. मला तिथंच रडू आलं. अप्पा घाबरले. मला धीर द्यायचा म्हणून म्हणाले की तुमी चाळीस पोरांना शिकवता, म्या एकीकडून दोरा ववून घेतला, त्यात काय येवढं. त्यांचा तो धीर मला अजून पुरा पडलेला नाही.

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, चष्मा आला. जाड काचेचा, जांभळ्या काड्यांचा. मग जे झालं ते अप्पांना झेपलं नाही. रेश्मानं ती नऊच्या नऊ पुस्तकं पुन्हा नेली, वाचली आणि दुकानाच्या पायरीवर येऊन एकेकाचा पंचनामा केला. हेरगिरीचा चोर तिनं तिसऱ्या पानावर ओळखला होता. समुद्राचं पुस्तक बरं होतं, पण लिहिणाऱ्यानं मासा जवळून बघितलेला दिसत नाही. आणि विनोदी पुस्तक अप्पांनी तिला द्यायलाच नको होतं, ते पाचवीतल्या पोरांचं आहे. अप्पा चिडले. ती ऐकेना. दोघं रोज भांडायचे आणि आजूबाजूला पोरं गोळा व्हायची. कोण काय भांडतंय ते कळावं म्हणून पोरंही ती पुस्तकं वाचायला लागली. दिवाळीपर्यंत कपाटातलं न वाचलेलं पुस्तक उरलं नाही.

मग मुख्याध्यापकच म्हणाले की नवी पुस्तकं आणली पाहिजेत. गावकऱ्यांनी हातभार लावला, त्यात शेळीवाले शेतकरी सगळ्यात पुढं. मी आणि अप्पा एका शनिवारी दुपारच्या गाडीनं धाराशिवला गेलो. अप्पांनी धोतर इस्त्री केलं होतं. त्या दिवसापर्यंत ते पुस्तकांच्या दुकानात कधीच गेले नव्हते, हे मला गाडीत कळलं.

दुकानात शिरल्यावर ते उंबऱ्याजवळच उभे राहिले. छतापर्यंतची पुस्तकं बघून त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. मी यादी घेऊन आतल्या बाजूला गेले. थोड्या वेळानं वळून पाहिलं तर ते लहान मुलांच्या कप्प्याजवळ खाली उकिडवे बसून एक चित्रांचं पुस्तक चाळत होते. दुकानदार, वयस्क भला माणूस, त्यांच्याजवळ जाऊन आपुलकीनं म्हणाला, "नातवंडांसाठी का आजोबा?"

मला वाटलं अप्पा सांगतील, शाळेसाठी. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"व्हय," म्हणाले. "नात हाय. गौरी."

दुकानदारानं कितवीत आहे ते विचारलं. चौथीत, अप्पा म्हणाले. कसलं वाचायला आवडतं, असंही त्यानं विचारलं, आणि अप्पा सांगू लागले. लई बोलती. पालथी पडून पाय हालवत वाचती. गोष्टीत कुणी खोटं बोललं की तिला राग येतो. प्राणी चालतात, पण मरायला नगं. चिंचा खाऊन हात तसेच पुस्तकाला लावती, म्हणून कागद जाड असलेला बरा. ते अडखळत नव्हते, आठवत नव्हते, सांगत होते. इतक्या वर्षांत त्यांनी प्रत्येक मुलाला विचारलं होतं, आणि त्यांना कुणी विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी हातातल्या यादीकडं बघत राहिले. अप्पा आणि गंगाबाई, दोघंच. त्यांना मूल नाही, कधीच नव्हतं.

दुकानदारानं डोकं खाजवत दोन-तीन पुस्तकं काढली, परत ठेवली, आणि शेवटी एक दिलं. अप्पांनी ते शाळेच्या गठ्ठ्यात घातलं नाही. वेगळं घेतलं.

परतीच्या गाडीत आम्हाला मागची जागा मिळाली. गठ्ठे पायाशी होते. बराच वेळ अप्पा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "येवढं म्हातारं मानूस बारक्या पोरांचं पुस्तक घेतंय, हसतील म्हणून सांगितलं बगा." मी म्हटलं, बरोबर केलंत.

त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं आणि मांडीवर उघडलं. ओठ हलवत, एकेका ओळीवर बोट ठेवून ते वाचायला लागले. एकदा हसले. एका चित्रापाशी थांबून त्यांनी ते लांब धरून बघितलं. पुढचं पान उलटलं, थोडं वाचलं आणि दोन पानं एकदम धरून उलटली.

मी विचारलं, "मधली पानं राहिली का, अप्पा?"

"तिथं आंधार हाय," ते म्हणाले. "गौरी भिती."

आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवून वाचत राहिले.