सात नंबरचा बोका

अंबरनाथच्या कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअर सांभाळून हरिचंद्र रिटायर झाला आणि कात्रपच्या घरात त्याला कुणी विचारेना. त्याने हाक मारली की बायको म्हणे, “कुकर झाला की येते.” कुकर लावलेलाच नसे. म्हणून उल्हासनगरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरलं आणि त्याला रिंग क्लार्क नेमलं, तेव्हा त्याने शर्टाला दोनदा इस्त्री केली. काम साधं. नंबर पुकारायचा, मालकांनी आपापलं मांजर त्या नंबरच्या पिंजऱ्यात ठेवलं की त्यांना परत बसवायचं, आणि जज्जबाई सांगतील ते कागदावर उतरवायचं. आज काम चोख झालं तर कायमचा क्लार्क. तो पुकारी आणि माणसं खुर्चीवरून उठत. एवढ्या सुखासाठी तो फुकटसुद्धा आला असता. आलाही फुकटच होता.

घरगुती मांजरांचा गट लागला. पिंजरे दहा, मांजरं नऊ. सात नंबर तीनदा पुकारला, कुणी उठेना.

अशा वेळी ‘गैरहजर’ लिहून मोकळं व्हायचं असतं. पण हरिचंद्रचा हात धजेना. ऑडिटच्या दिवशी स्टोअरमध्ये एखादा पंप कमी भरला तर शेजारच्या खात्यातून उसना आणायचा आणि मोजणी झाली की गुपचूप परत करायचा, ही त्याची जन्माची रीत. इथे शेजारचं खातं म्हणजे हॉलचं स्वयंपाकघर. तिथे ओट्याखाली एक पिवळा बोका पसरला होता. लग्नांचं पनीर खाऊन असा फुगलेला, की वरातीला घोडा नाही आला तर नवरदेवाला ह्याच्यावर बसवावं. एक कान अर्धाच. हरिचंद्रने त्याला बारदानात गुंडाळून सातव्या पिंजऱ्यात कोंबलं. मोजणी जुळली.

जज्ज सोनिया मॅडम एकेक मांजर टेबलावर घेऊ लागल्या. पाच नंबर थरथरला. आठ नंबर त्यांच्या ओढणीत शिरला. सात नंबर मात्र टेबलावर उताणा झाला आणि घोरू लागला.

“क्या बात है,” मॅडम म्हणाल्या. “काय कॉन्फिडन्स आहे. पण हा कान?”

“अर्धा खर्ची पडलाय, मॅडम.”

“चालेल. घरगुती गटात स्वभाव बघायचा. लिहा, सात नंबर, फर्स्ट.”

हरिचंद्रने लिहिलं. आता माल परत करावा म्हणून तो वळतो तोच हेंद्रेपाड्याची राजसी टोपली घेऊन धापा टाकत आली. “सॉरी अंकल, रिक्षाच मिळेना यार. ही माझी सात नंबर.” टोपलीतून एक पांढरीशुभ्र मांजरी डोकावली.

ऑडिटला माल कमी निघाला तर निभतं. जास्त निघाला की चौकशी बसते.

“बेटा, तू फर्स्ट आलीयस,” तो कुजबुजला. “कप घे आणि गप बस.”

राजसीने पिंजऱ्यात पाहिलं. “अंकल, ये तो किसी का बाप है. माझी फीमेल आहे.”

तेवढ्यात स्वयंपाकघराची कारभारीण कौसाबाई झारा घेऊन थेट रिंगणात शिरली. “माझा बोका कुनी उचलला? तिकडं बेसनात उंदीर नाचतात, नि हा इथं साहेबावानी बसलाय.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. “हरिचंद्रजी, ये क्या है?”

“उसना आहे, मॅडम. मोजणीपुरता.”

पहिला नंबर रद्द झाला आणि हरिचंद्रच्या छातीवरचा बिल्ला जागेवरच उतरला.

चौथ्या दिवशी कौसाबाईचा फोन आला. “भाऊ, बोका कामातून गेला. ओट्यावर उताना पडतो. उंदीर मिशीवरून गेला तरी ढिम्म. त्या बाईवानी कुनी कान-शेपटी बघून शाबास म्हनल्याशिवाय उठायचा न्हाय तो. बिघडवलाय तुमी, आता निस्तरा बी तुमीच.”

तेव्हापासून हरिचंद्र रोज सकाळी इस्त्रीच्या शर्टात उल्हासनगर गाठतो. बायकोने विचारलं, “रोज कुठे निघता हो?” तर म्हणाला, “जजिंगला.” बोक्याचा कान बघतो, दात बघतो, शेपटी धरून सरळ करतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, “फर्स्ट.” मग बोका आळस देऊन कामावर रुजू होतो.

आपला अधिकार कुठवर चालतो ते बघावं म्हणून एकदाच तो “सेकंड” म्हणाला. चार इंजेक्शनं घ्यावी लागली.