मोरेकाकांची परवानगी

रस्त्यावरचे फोटो काढणारे लोक कोपऱ्यात दबा धरून बसतात. आमच्या नाहूरच्या सोसायटीतले मोरेकाका आधी परवानगी मागतात. "तुमचा एक फोटो काढू का?" असं विचारलं की समोरचा शर्ट खाली ओढतो, श्वास रोखतो आणि कॅमेऱ्यात आधार कार्डाचा फोटो तयार होतो. असे त्यांच्याकडे शेकड्याने आहेत.

"काका, न विचारता काढा ना!" मी सांगायचे.

"अगं, विचारायला काय जातं?"

परवाच्या रविवारी मात्र घाटकोपरच्या बाजारात एक लिंबूवाली फोनवर बोलता बोलता खदखदून हसली आणि काकांचं बोट आपसूक दाबलं गेलं. फोटो असा झकास की मी उडालेच! तिचा फोन संपेपर्यंत काका थांबणार होते. मी त्यांना ओढतच मेट्रोत घातलं. अंधेरीला फोटोंचं प्रदर्शन होतं आणि पुढच्या प्रदर्शनासाठी फोटो द्यायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती.

प्रदर्शनात काकांनी प्रत्येक चेहऱ्यापुढे थांबून फोटोग्राफरला विचारलं, "ह्यांना विचारलं होतंत ना?" तो बिचारा छताकडे बघू लागला. शेवटी फॉर्मवर सही करताना काकांचं पेन अडलं.

"तिला विचारून येतो."

"काका, तीन वाजलेत! वाट लागेल!"

पण ऐकतील तर ते मोरेकाका कसले! परत घाटकोपर. लिंबूवालीने फोटो निरखून पाहिला.

"नको बाबा. दात दिसतात."

"अहो मावशी, किती छान आलाय!" मी म्हणाले.

"मग तुझा लाव ना."

काकांनी तिच्यासमोरच तो फोटो पुसला. मग तिने पदर सारखा केला, मान ताठ केली. "आता काढा." पुन्हा आधार कार्ड! वर तिने काकांना क्रेटवर बसवून चहा पाजला. लिंबाचे भाव, सून, गुडघे, सगळं झालं. तोवर पाच वाजून गेले.

"असा फोटो पुन्हा मिळणार नाही, काका," मी चिडून म्हणाले.

"नाहीच मिळणार." वाईट त्यांनाही वाटलं होतं. "पण विचारलं की लोक दोन शब्द बोलतात गं माझ्याशी. तुझी काकू गेल्यापासून घरात टीव्हीच बोलतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला माझीच लाज वाटली. भिंतीपलीकडे राहून मी त्यांच्याशी फक्त फोटोंबद्दल बोलत आले होते.

जिना चढताना काका थांबले. "पुढच्या रविवारी बोलावलंय तिने. लोणच्याची लिंबं काढून ठेवणार आहे, कसं घालायचं तेही सांगणार आहे. तुझ्याकडे एखादी बरणी आहे का गं? आमच्या सगळ्या मी देऊन टाकल्या होत्या."